गुळावरची मच्छरदाणी

माझे वडील पलटणीत होते. जपानबरोबरच्या लढाईच्या दिवसांत ते आसामच्या बाजूला होते, आणि तिथून एकदा रजेवर आले ते ट्रंकेत एक हिरवट मच्छरदाणी घेऊन. कऱ्हाडच्या खाली कृष्णाकाठच्या आमच्या गावात तोवर मच्छरदाणी कुणी पाहिली नव्हती. शेजारच्या बायका हात लावून गेल्या. मासे धरायचं जाळं म्हणून हसल्याही.

आईही आधी हसलीच. "एवढ्याशा डासानं मानूस आडवं हुतंय व्हय?"

हिवताप कशानं येतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकडी खाल्ल्यानं, ओल्या वाऱ्यानं, नाहीतर कोवळा ऊस चघळल्यानं. थोरली चुलती पावसाळाभर काकड्या शिंक्यावर लपवून ठेवायची. तरी तिची पोरं हुडहुडी भरून गोधड्यांखाली पडायचीच, आणि मीही.

वडिलांनी आईला समजावलं. पलटणीत मच्छरदाणीबाहेर झोपणाऱ्याला शिक्षा होते, साठल्या पाण्यात डास होतात, तापलेल्या माणसाला चावलेला डास दुसऱ्याला चावला की त्यालाही ताप येतो. आई भाकरी थापत ऐकत होती. तिचे हात थांबले.

"माज्या म्हायेरी, लोणंदाकडं, ताप न्हाई," ती म्हणाली. "तिकडं पानीच न्हाई साठायला. हितं आल्यापास्नं दर साली बघतीया. उसाला पाट सुटला, की पोरं पडत्यात."

"मग? आता कळलं का?"

"कळलं," आई म्हणाली.

तिला खरोखरच कळलं होतं. वडील परत गेल्यावर तिनं भिंतीत खुंट्या मारून घेतल्या. मच्छरदाणीला कुठं भोक पडलं की त्याच दिवशी शिवायची. दिवेलागणीला कडा गोधडीखाली खोचून मला आणि धाकट्या भावाला आत घालायची. माझा पाय बाहेर आला तर चापट मिळायची. चुलतीला ती म्हणाली, "आक्का, तुमची बी पोरं घाला आत. आडवी निजवू समद्यास्नी." चुलती म्हणाली, "माझी पोरं न्हाई बाई पिंजऱ्यात निजायची." त्या पावसाळ्यात तिच्या पोरांना ताप आला आणि आम्हाला आला नाही. चुलतीनं काकड्यांचं शिंकं आणखी वर टांगलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आमचं गुऱ्हाळ लागलं. सांगलीच्या व्यापाऱ्यानं आमच्या ढेपांत माश्या निघाल्या म्हणून नाक मुरडलं होतं. थोरले चुलते घरी आले ते तडक आमच्या खोलीत शिरले आणि खुंट्यांवरून मच्छरदाणी ओढून काढली. गूळ निवत असताना वर पसरायला हीच बरी, म्हणाले.

आई त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी दाराआड उभी राहून, डोक्यावरचा पदर सावरत बोलली. "आक्का, भाऊजींस्नी सांगा, अजून डास हायेत. थंडी पडूस्तवर ऱ्हाऊ द्या. पोरांसाठी आणलीया त्येंनी."

"डास म्हंजे काय वाघ हाय व्हय?" चुलते चुलतीला म्हणाले. "गूळ नासला तर पोरं काय खातील, इचार तिला."

आईनं मग जुन्या लुगड्याची मच्छरदाणी करून पाहिली. आत जीव गुदमरायचा, भाऊ रडायचा आणि फडकं ओढून टाकायचा. ती आमच्याशेजारी बसून पदरानं वारा घालायची, पण दिवसभर शेतात राबलेली बाई किती वेळ जागी राहणार?

भावाला ताप भरला. एक दिवस यायचा, एक दिवस उतरायचा. त्याचं पोट डाव्या बाजूला टणक झालं. काकडी कुणी दिली याची चौकशी झाली. काढे झाले, अंगारा झाला. लढाईमुळं हिवतापावरचं औषध, कोयनेल, कुठं मिळत नव्हतं. आई रोज चुलतीजवळ म्हणायची, मिरजेला दवाखान्यात न्या. तो डोळे उघडेनासा झाला तेव्हा चुलत्यांनी गाडी जुंपली. स्टेशनापर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मीही गेले.

मिरजेच्या मिशन दवाखान्यात डॉक्टरांनी भावाचं पोट चाचपलं, डोळे पाहिले आणि ते आईवर कडाडले. "आता आणता? किती वेळा सांगायचं तुम्हा बायकांना? डासांपासून पोराला जपता येत नाही? हे डासांनी होतं, एवढं तरी माहीत आहे का?"

आईनं तोंड उघडलं. तिच्या आधी चुलतेच बोलले. "अडानी हायती सायेब बाया. त्यास्नी काय कळतंय?"

आईनं भावाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

लढाई संपली आणि वडील घरी आले. सोप्यात सगळे बसलेले असताना त्यांनी आईला विचारलं, "मच्छरदाणी लावत नव्हतीस?"

"भाऊजींनी गुऱ्हाळावर न्हेली," आई सगळ्यांदेखत म्हणाली.

वडिलांनी थोरल्या भावाकडं पाहिलं. चुलते म्हणाले, "तवा कुनाला काय ठावं हुतं, गड्या."

"मला ठावं हुतं," आई म्हणाली.

वडील उसाचं कसं काय, म्हणून चुलत्यांना विचारू लागले. संध्याकाळी दोघे एका पंगतीला जेवले. वाढायला आईच होती. ते मी पाहिलं आहे, आणि वडिलांवर माझा जीव होता तरी ते जेवण मी त्यांना कधी माफ केलं नाही.

पुढं एका पावसाळ्यात गल्लीतली एक नवी सून तापलेलं पोर खांद्यावर घेऊन आली. तुमचे मालक पलटणीतले, तुम्हाला माहीत असेल, म्हणाली. "आवं काकू, ह्यो हिवताप येतो तरी कशानं?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ते सांगून काय करशील?" ती म्हणाली. "तुज्या घरात तुजं चालतंय का?"

पोरगी गोंधळून उभी राहिली. मग पोराला पदराखाली घेऊन निघून गेली. आईनं तिला परत हाक मारली नाही.