परदेशी विद्यार्थिनी

पुण्याहून अमेरिकेत श्रूजबरीला आलो तेव्हा माझी मुलगी आठ वर्षांची होती. हायस्कूल संपता संपता तिला बॉस्टनजवळच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला बायोलॉजीच शिकायचं होतं. फी आमच्या आवाक्याबाहेरची होती, पण तिच्या मैत्रिणींना मिळत होती तशी आपल्यालाही काहीतरी मदत मिळेल, असं मी धरून चालले होते.

आम्ही तिघं कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई बोलायला फार चांगल्या होत्या. कॉम्प्युटरवर बघून त्यांनी सांगितलं, की मुलगी इंटरनॅशनल स्टुडंट आहे, तिला सरकारी मदत मिळणार नाही आणि सरकारी कर्जही नाही.

"बट आय ॲम फ्रॉम श्रूजबरी," मुलगी म्हणाली.

"आय नो, हनी," बाई म्हणाल्या आणि पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागल्या.

नवरा कामाच्या व्हिसावर होता आणि आम्ही दोघी त्याच्या आधारानं. काही वर्षांपूर्वीच्या मंदीत त्याची नोकरी गेली, नव्या कंपनीनं ग्रीन कार्डाची फाइल पहिल्यापासून सुरू केली आणि आम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी गेलो. मला आणि मुलीला नोकरी करायची परवानगी नव्हती. तिच्या मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करायच्या. "माझी आई फार स्ट्रिक्ट आहे, जाऊ देत नाही," असं तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं. मीही स्ट्रिक्ट आई होऊन राहिले.

एक बँक कर्ज द्यायला तयार होती, पण सोबत जामीन म्हणून एखाद्या अमेरिकन नागरिकाची सही हवी होती. आमच्या ओळखीत एक डॉक्टर काका होते, फार पूर्वी इथे आलेले, नुकतेच रिटायर झालेले. रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. नवऱ्यानं कसंबसं विचारलं.

"करतो की सही," काका म्हणाले. "हुशार पोर आहे. त्यात काय एवढं?"

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. "अहो, भाच्यासाठी केलीत तेव्हाही हेच म्हणाला होतात. अजून फेडतोय आपण. आणि शेअर्सचं काय झालंय ते तुम्हालाच माहीत."

काकूंना रडू आलं. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हो," असं त्या म्हणत राहिल्या. मुलगी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "काकू, इट्स ओके. प्लीज डोंट क्राय."

परत येताना गाडीत मागच्या सीटवरून तिनं विचारलं, "मी पुण्यात बीएस्सी केलं तर? मावशीकडे राहून?"

नवऱ्यानं गाडी एका पेट्रोल पंपावर घेतली. पेट्रोल भरायचं नव्हतं. स्टिअरिंग धरून तो नुसता बसून राहिला. नको म्हण, असं मी मनात म्हणत होते. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

ती गेली. पुण्यातल्या वर्गात मुलं तिला 'अमेरिका' म्हणायची. फोनवर ती आम्हाला "ऑल गुड" सांगायची. माझ्या बहिणीनं मात्र सांगितलं, "अगं, ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मी बाहेर उभी असते, काय बोलावं तेच कळत नाही." मला लगेच निघायचं होतं. पण त्याच सुमारास नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली. भारतात गेले असते, परत यायला व्हिसाचा नवा शिक्का घ्यायची वेळ आली असती आणि मधेच याची नोकरी गेली असती, तर मी तिकडेच अडकले असते. मी गेले नाही. ते पहिलं वर्ष तिनं आमच्याशिवाय काढलं.

ग्रीन कार्डं आली तोवर तिनं एकविसावं वर्ष ओलांडलं होतं, आणि आईवडिलांबरोबर एकवीस वर्षांखालच्या मुलांनाच कार्ड मिळतं, म्हणून कार्डं आम्हा दोघांचीच आली. त्यानंतर तिनं एकदा आम्हाला भेटायला यायचं म्हणून टुरिस्ट व्हिसा मागितला. ही परत जाणार नाही, असं व्हिसाच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याला वाटलं. त्यानं नकार दिला.

आता ती पुण्यात एका शाळेत बायोलॉजी शिकवते. आम्ही दर हिवाळ्यात जातो. पुन्हा व्हिसाचा अर्ज कर, असं मी तिला दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं शांतपणे विषय बदलला.