गेलेला ऑप्शन

"म्याडम, तुमीच तं सांगितलं होतं ना, कागदावर हाये तेच टाइप करायचं. फोनवर कोणी काई सांगो, आयकायचं नाई." जानेफळच्या दवाखान्यातल्या ऑपरेटर वंदनाताई फोनवर ठाम होत्या. नियम माझाच. आपलेच दात, आपलेच ओठ! मी कपाळावर हात मारला.

बुलढाण्याच्या एका संस्थेचे सात दवाखाने आहेत, त्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. कोणत्या पेशंटला कोणतं औषध सोसत नाही, ते सगळं त्यात असतं. सॉफ्टवेअर अपग्रेड करायच्या सूचना मीच लिहिते. कमांडच्या पुढे जोडायच्या शब्दाला ऑप्शन म्हणतात. आमच्या कागदावर एक ऑप्शन होता: आधी बॅकअप घे, अपग्रेड कर, मग नोंदी परत भर. नव्या व्हर्जनमध्ये कंपनीने तो काढून टाकला. कमांड तक्रारही करत नाही. बॅकअप न घेता सरळ पुढे जाते.

टेस्ट मशीनवर चालवून पाहिलं, तर जुन्या नोंदी साफ! हातच्या कंकणाला आरसा कशाला, मॅनेजर साहेबांना तीच स्क्रीन दाखवली.

"मॅडम, कागदावर अध्यक्षांची सही आहे. मीटिंग होईपर्यंत तोच चालेल."

"मग उद्याचं अपग्रेड थांबवा."

"तारीख ठरलीय. आजवर काही झालं का?"

"आजवर ऑप्शन होता, सर."

ते फाईल चाळायला लागले. माझं डोकं तापलं. मी परस्पर सातही दवाखान्यांना फोन लावले. सहा जण थांबले. वंदनाताई थांबेनात, आणि त्यांचं चुकतही नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

नव्या सूचना हाताने लिहिल्या: आधी वेगळ्या कमांडने बॅकअप, मग अपग्रेड, मग नोंदी परत; खाली माझी सही ठोकली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने जानेफळला निघाले. वाटेत साहेबांचा फोन. "सुट्टी कोणी दिली?"

"कोणीच नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

वंदनाताईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "याच्यावर अध्यक्षाची सही नाई."

"माझी आहे. बिघडलं तर माझी मान धरा."

"तसं नाई. पह्यले मले बॅकअप उघडून दाखवा."

बॅकअप घेऊन दाखवला. त्यांनी स्वतः एक जुनी पेशंट शोधली. तिच्या नावापुढे लाल अक्षरात लिहिलं होतं, पेनिसिलिन देऊ नये. "हाव, हाये," म्हणाल्या, आणि मगच एंटर दाबलं. अपग्रेडनंतर बॅकअपमधून नोंदी परत भरल्या आणि पुन्हा तेच नाव उघडलं. नोंद जागेवर होती. बाई गं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

बुलढाण्यात टेबलावर मेमो हजर: मंजूर कागदात विनापरवानगी बदल. मी एका ओळीत उत्तर दिलं, "हो, बदलला. चुकीचा होता." मेमो अजून माझ्या फाईलला आहे, राहू दे. मीटिंगमध्ये माझाच कागद मंजूर झाला, चहा-बिस्किटांसकट.

सूचनेखाली सही त्याची हवी, ज्याने ती कमांड स्वतः चालवून पाहिली. बाकीच्यांनी खुशाल उद्घाटनाला यावं.