भावासाठी राळेचं तेल

दूर समुद्रातल्या बेटावरच्या लेइमातुआ गावात कुणाची पाठ धरली, कुणी बाळंत झालं, कुणाचा म्हातारा रात्ररात्र तळमळू लागला, की घरातलं कुणीतरी रिकामी बाटली घेऊन कालोलाइनेच्या दाराशी यायचं. बाटली भरून परत जायची. बदल्यात काही घ्यायचं नाही, घेतलं की तेलाचा गुण जातो, असा तिच्या आईचा दंडक होता. आई जाऊन एकतीस वर्षं झाली तरी कालोलाइनेने तो मोडला नव्हता. लोक मग दुसऱ्या दिवशी केळीच्या पानात गुंडाळलेला मासा नाहीतर यॅमचे दोन-चार कंद कुंपणाशी ठेवून जात, आणि ते कुणी ठेवले हे आपल्याला ठाऊकच नाही असं ती दाखवी.

ती अडुसष्ट वर्षांची होती. नवरा बेटाबेटांमधल्या बोटीवर खलाशी होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा ऑकलंडला. बांधा ठेंगणा, चालणं सावकाश, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कायमची पिवळी. ती राळेची खूण. गावामागच्या उतारावर जुनी झाडं आहेत. त्यांच्या खोडाला चीर गेली की मधाच्या रंगाचे थेंब बाहेर येऊन घट्ट होतात. ते ती खरवडून आणी, फडक्यात बांधी आणि नारळाच्या तेलात सोडी. तेलाचं भांडं कधी विस्तवावर ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं आणि सकाळपासून दुपारपर्यंत ढवळत बसायचं. घाई केली की राळ तळाशी दगडासारखी बसते. धीर धरला की ती तेलात विरते, आणि मग त्या तेलाला अशी ऊब येते की कातडीला आधी वास कळतो आणि मग हात.

राळ उग्र असते. तिची धार मारायला कालोलाइने व्हॅनिला घालायची. बाटलीला दोन शेंगा, त्याही बोटाभोवती गुंडाळल्या तरी न मोडणाऱ्या आणि आतून पुरत्या वाळलेल्या. ओलसर शेंग तेल नासवते. या शेंगा तिच्या धाकट्या भावाच्या, फेलेतीच्या मळ्यातल्या. गेली चाळीस वर्षं दर हंगामातली पहिली जुडी गवताच्या दोरीने बांधून तिच्या उंबऱ्यावर ठेवलेली असे. आणि दरवर्षी त्या शेंगा घातलेली पहिली बाटली ती त्याच्या घरी पाठवी.

दोघांमधलं बोलणं ते एवढंच. फेलेती दहा वर्षांचा झाला तसा तो पोरांच्या झोपडीत झोपायला गेला, आणि त्या दिवसापासून ही भावंडं एका खोलीत बसली नाहीत, एकमेकांशी थट्टा केली नाही, एकमेकांच्या अंगाला हात लावला नाही. गावातल्या कुठल्याच बहीणभावांनी ते केलं नव्हतं. बहिणीचा मान मोठा, आणि मान ठेवायचा म्हणजे अंतर ठेवायचं. कालोलाइनेला त्याचं कधी काही वाटलं नाही. फक्त त्याआधीची एक दुपार तिला अधूनमधून आठवे. आठ वर्षांचा फेलेती राळ काढायला झाडावर चढला होता आणि डोकं नेमकं एका ताज्या थेंबाखाली घालून बसला होता. केस असे चिकटले की आईला ते मुळापासून कापावे लागले. कालोलाइनेने खाली परात धरली होती, आणि ती इतकी हसली की परात तिच्या हातून पडली. मग आईने दोघांना एकाच चटईवर आडवं करून राळेचं तेल चोळलं होतं. त्या तेलात व्हॅनिला नव्हता. तेव्हा घरात कुणी व्हॅनिला लावलेलाच नव्हता.

मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी फेलेतीची बायको लेसिएली कालोलाइनेच्या दाराशी आली. तिच्या हातात बाटली नव्हती.

"वन्सं, आम्ही त्यांना इस्पितळातून घरी आणलं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या. अंग सुजलंय. कूस बदलली तरी कळवळतात. झोप तर नाहीच."

"अंगाला काय लावतेस?"

"दुकानातलं मलम."

"मलम!" कालोलाइने म्हणाली. "अगं, दोन घरं सोडून मी राहते, आणि तू मलम लावतेस?"

"ते म्हणाले, ताईंना त्रास द्यायचा नाही."

त्याच दिवशी ती कामाला लागली. तीन वर्षं जपून ठेवलेल्या शेंगा तिने पेटीतून काढल्या. फेलेतीच्याच हातच्या त्या. त्या त्यालाच लागू पडतील, वासाबरोबर त्याला त्याचा मळा भेटेल, असं तिच्या मनात आलं. बाटलीला दोन घालायच्या, तिथे तिने नऊ घातल्या. तेल काळसर झालं आणि वास कुंपणापलीकडे गेला.

दर संध्याकाळी, ख्रिस्ती देवळाची घंटा झाली की, ती भावाच्या घराच्या ओट्यावर भिंतीकडे पाठ करून बसे. आत लेसिएली तेल चोळे. भिंत विणलेल्या झावळ्यांची होती, ऐकू सगळं येई. पहिल्या दिवशी आत अगदी शांत होतं. तिसऱ्या दिवशी ठसका लागल्याचा आणि ओकारीसाठी ठेवलेलं तसराळं सरकवल्याचा आवाज आला. लेसिएली ओलं फडकं घेऊन बाहेर आली.

"काय झालं गं?"

"काही नाही वन्सं. सूप बाधलं."

चौथ्या दिवशी तारोचा कंद बाधला. पाचव्या दिवशी मासा बाधला. त्या दिवशी फेलेतीने सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, हे कालोलाइनेला आधीच कळलेलं होतं.

शनिवारी फेलेतीची मुलगी फिफिता तेल गाळायला मदतीला आली. रविवारी हात चालवायचा नसतो, म्हणून आठवड्याचं राहिलेलं गाळणं शनिवारी. तीस वर्षांची ही मुलगी ऑकलंडहून मालिश शिकून आली होती आणि बंदरावरच्या एका पाहुणेघरात शिडाच्या बोटींतून येणाऱ्या गोऱ्या लोकांची अंगं रगडत होती. तिच्याजवळ थेंब मोजायची नळी होती, एक वही होती आणि लोबानाची छोटी बाटली होती.

"आत्या, आम्हाला शिकवलंय," ती मागे एकदा म्हणाली होती, "वरचा वास, मधला वास आणि तळाचा वास. राळ आणि व्हॅनिला तळाचे. ते बाकीच्यांना धरून ठेवतात."

"वासाला मजले असतात होय? जिना कुठे ठेवतेस मग?" कालोलाइनेने विचारलं होतं. पण धरून ठेवतात हे बरोबर आहे, असंही तिने मनाशी म्हटलं होतं.

आज तिने थट्टा केली नाही. फिफिताच्या हातातलं गाळणं तिने काढून घेतलं.

"तुझ्या बापाला माझं तेल सोसत नाही का?"

"असं कसं म्हणता, आत्या..."

"मी कसं म्हणते ते विचारलं नाही तुला."

"बाबांनी बजावलंय, ओट्यावर एक अक्षर जाता कामा नये."

"बाप मोठा की आत्या?"

गावातल्या कुठल्याच मुलीपाशी याला दोन उत्तरं नसतात. फिफिता खाली बघत म्हणाली, "आत्या."

"मग बोल."

"त्यांना व्हॅनिलाने मळमळतं. डोळे मिटले की त्या कढत पाण्यात बुडवलेल्या शेंगा दिसतात म्हणतात, मुरायला घोंगड्यांत गुंडाळलेल्या, घाम सुटलेल्या शेंगा दिसतात. अजून किती वाळवायच्यात, पाऊस तर येणार नाही, हेच सगळं परत सुरू होतं डोक्यात. आई म्हणाली, मी वन्संना सांगते. तर म्हणाले, बहिणीने दिलेलं परत करतात का? बाटली संपेपर्यंत लावायचं, आणि दुसरी आली तर दुसरीही."

कालोलाइनेने ठिबकणारं गाळणं पातेल्यावर टेकवलं.

"आजारात असं झालंय, की आधीपासून?"

"आधीपासूनच, आत्या. घरात शेंग ठेवू देत नाहीत. खळ्यावरून आले की आंघोळ केल्याशिवाय जेवत नाहीत."

"आणि मी दरवर्षी पहिली बाटली पाठवते ती?"

"ती लावतात ना! दर रविवारी देवळात जाताना लावतात." फिफिताला हसू आवरेना. "आणि सगळं भजन होईपर्यंत मान वर करून बसतात. पाळक म्हणायचे, फेलेतीइतकं आभाळाकडे कुणाचं लक्ष नाही."

कालोलाइनेलाही हसू आलं. तिला व्हॅनिला काही फार आवडत होता असं नव्हतं. त्याच्या हातचा, म्हणून ती घालत आली होती. चाळीस वर्षं त्याने दिला म्हणून तिने घातला, आणि तिने घातला म्हणून त्याने अंगाला लावला.

"दुसरं तेल करायचं," ती म्हणाली. "आईचं. नुसती राळ."

"नुसती राळ उग्र होईल. नाकाला झोंबेल, ठसका लागेल. यातला लोबान घालूया?" फिफिताने बाटलीचं बूच काढलं.

कालोलाइनेने वास घेतला. "चांगला आहे. आपल्या राळेचा चुलतभाऊ म्हणायचा. पण याला व्हॅनिलाचीच झाक आहे बघ. तुझ्या बापाचं नाक फसायचं नाही."

आई काय घालायची हे तिला पक्कं ठाऊक होतं. चंदन. पण गावाभोवतीचं चंदन तोडून नेऊन झाल्याला कितीतरी वर्षं लोटली होती. मोठी झाडं आता उरली नव्हती, आणि बोटाएवढ्या रोपट्याला वास नसतो. ती विचार करत अजून गाळायचं राहिलेलं तेल ढवळत राहिली, आणि ढवळता ढवळता थांबली. हातातली काठी तिने उजेडात धरली. हात-दीड हात लांबीची ही काठी आईची होती. ती कशाची आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण इतकी वर्षं तेलात राहून तिला व्हॅनिलाखेरीज कशाचाच वास येत नव्हता, आणि काळ्या पडलेल्या त्या लाकडाला चंदन म्हणावं असं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"आत्या, ती आजीची काठी..." फिफिता म्हणाली.

"चाकू दे."

वरचा काळा थर तिने सोलून बाजूला टाकला. त्याखाली तपकिरी लाकूड लागलं, त्यालाही व्हॅनिलाचा वास होता. तेही तिने तासलं. मग फिकट पिवळं लाकूड आलं. तिने ते नाकाशी धरलं, मग फिफिताच्या नाकाशी धरलं. निव्वळ चंदन. त्या लाकडाचा कीस काढून तिने राळेच्या पुरचुंडीत बांधला. तेल नवं, पातेलं नवं, फडकंही नवं घेतलं. ते गाळून झालं तेव्हा रात्र झाली होती.

रविवार मधे गेला. सोमवारी लेसिएलीच्या हातात बाटली देताना ती एवढंच म्हणाली, "जुनी माझ्याकडे आण. तिच्यात पाणी गेलं होतं." लेसिएलीने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घालून बाटली घेतली.

कालोलाइने ओट्यावर पाठ करून बसली. आत तेल चोळल्याचा आवाज येत होता. मग वास झावळ्यांमधून बाहेर आला. ठसका आला नाही. तसराळं सरकलं नाही. मग फेलेतीचा आवाज आला, बारीक आणि तुटका.

"लेसिएली, बाहेर ताई बसल्यात का?"

"बसल्यात."

"त्यांना सांग, या खेपेला परात आणायला नको. कापायला केस उरलेच नाहीत."

लेसिएली दारात आली ती गोंधळून. नवऱ्याला वात झाला असं तिला वाटलं असणार. बहिणीशी थट्टा, आणि तीही स्वतःच्या डोक्यावरून! "वन्सं, मनावर घेऊ नका. ते काहीतरी..."

कालोलाइनेने तोंडावर हात दाबला होता. तो काढून ती भिंतीकडे वळली, आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात लेसिएलीला म्हणाली, "सांग त्यांना, परात माझ्याच हातून पडली होती. अजून पोचे आहेत तिला."

आतून हसल्याचा आवाज आला, मग दम लागल्याचा, आणि मग झोपलेल्या माणसाचा संथ श्वास. अंधार पडायला लागला तेव्हा ती उठली.

त्यानंतर फेलेती एकोणीस दिवस जगला. रोज संध्याकाळी तो ते तेल मागून घेई. तिने आणखी एक बाटली केली, तेव्हा काठी करंगळीएवढी बारीक झाली. तो गेल्यावर त्याला चटईवर ठेवलं, तेव्हा थोरल्या बहिणीची जागा म्हणून ती त्याच्या डोक्याशी बसली. बाटलीत थोडं उरलं होतं. तिने ते तळहातावर घेऊन ऊब येईपर्यंत चोळलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला लावलं. कुणी आडवं आलं नाही.