कासमभाईंनी जमवलेली सोयरीक

कासमभाई वस्तू विकत घेत नसत. तिच्याशी सोयरीक जमवत. छताचा पंखा घ्यायचा असला, तरी जाहिरातीवर त्यांचा विश्वास नसे. तो पंखा ज्यांच्या घरी आधीपासून नांदतो आहे, त्यांच्या दारात न कळवता जायचं, प्यायला पाणी मागायचं आणि घोट घेता घेता वर पाहायचं. "न सांगता गेलं म्हणजे घर दिसते," ते म्हणत. "सांगून गेलं तं फक्त पोहे दिसते."

चौकशीचा त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. "दोस्त गोड सांगते, दुश्मन खरं सांगते. आधी दुश्मनाले विचारा."

अकोल्यात त्यांचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान होतं. वरच्या मजल्यावर माझी कचेरी. मी लोकांची विवरणपत्रं भरून देणारा करसल्लागार. काळा कोट जन्मात घातला नाही, तरी ते मला वकीलसाहेब म्हणत. एकदा दुरुस्ती करायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या ना. तुमचीबी इज्जत वाढते, माझीबी."

त्यांच्या बायकोला, रजियाभाभींना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा मुलीने त्यांना अमरावतीला आपल्या घरी नेलं. उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. त्यांना बोलत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगी आणि जावई गोड बोलत. भाभी नुसती मान हलवत. कासमभाई तिथे गेले, की मात्र भांडायला शब्द लागत आणि ते कुठून तरी गोळा होऊन येत. नवरा हेच औषध आहे, हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं. पण इकडे दुकानातला सुधाकर प्रामाणिक असला तरी मऊ. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं, की भाव उतरवायचा. रोजचे भाव कासमभाईंनी स्वतः कॉम्प्युटरवर चढवल्याशिवाय दुकान तरणार नव्हतं. चुलतभाऊ सलीम ते विकत घ्यायला तयारच बसला होता. दुकान ठेवलं तर बायको मुकी, बायको धरली तर दुकान परक्याचं.

व्हीपीएनचं मी सुचवलं. अमरावतीच्या लॅपटॉपपासून अकोल्याच्या कॉम्प्युटरपर्यंत कुलूपबंद खासगी रस्ता असतो, त्यावरून तिकडे बसून इकडचं काम करता येतं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या रस्त्याचा दरवान म्हणजे राउटर, आणि दरवान भरवशाचा हवा.

पहिलं स्थळ चालून आलं ते टाय लावलेलं. त्या सल्लागाराने दुकानातल्या भिंतीवर चित्रं पाडून 'समग्र समाधान' या विषयावर बराच वेळ भाषण केलं. राउटर शेजारच्या टेबलावर निळे दिवे लावून बसला होता. कासमभाईंनी सगळं अदबीने ऐकलं आणि मधेच उठून राउटरचा प्लग उपटला. परत लावला. सल्लागार थबकला, आम्ही वाट पाहिली, चहा आला, संपला. राउटर काही शुद्धीवर येईना. सल्लागार म्हणाला, याला परत हाताने सुरू करावं लागतं. "माझ्याकडं लाइन दिवसातून कितीदा जाते, हे तुमच्या समाधानाले माहीत नाई का?" कासमभाईंनी विचारलं आणि त्याला सन्मानाने बस स्टँडवर पोचवलं.

मग त्यांची पद्धत सुरू झाली. मूर्तिजापूरला एका बियाण्याच्या दुकानात व्हीपीएन चालतं, असं कळल्यावर आम्ही भर उन्हाळ्यात, भर दुपारी तिथे थडकलो. कासमभाईंनी पाणी मागितलं, राउटरवर हात ठेवून त्याचा ताप पाहिला आणि वायरीत पाय अडकल्यासारखं करून प्लग काढला. राउटर आपल्या आपण उठला आणि जुळलाही. मालक वैतागून पाहत असताना यांनी त्याला आणखी विचारलं, की कंपनी नव्या दुरुस्त्या पाठवते, की लग्न लावून मोकळी झाली? पाठवते, असं कळलं. "खानदान बरं हाय," कासमभाई मला म्हणाले, आणि स्थळ पसंत पडलं.

राउटर आला, बसला. कासमभाई अमरावतीला गेले आणि तिथून अकोल्याला हाक मारू लागले. काही केल्या हाक पोचेना. कंपनीला फोन केल्यावर उलगडा झाला: राउटरमध्ये खोट नव्हती. आमच्या गल्लीतल्या इंटरनेटवाल्याने साऱ्या गिऱ्हाइकांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता दिला होता. त्यामुळे बाहेरून आलेल्या हाकेला नेमकं कोणत्या घरात शिरायचं, हे कळत नव्हतं. दुकानाला स्वतःचा वेगळा पत्ता हवा होता, आणि तो फक्त इंटरनेटवालाच देऊ शकत होता.

तो इंटरनेटवाला म्हणजे विलास. पूर्वी त्याने टीव्हीची केबल दुकानाच्या पाटीवरून नेली म्हणून कासमभाईंनी ती स्वतः पक्कडीने कापली होती. नेमका क्रिकेटचा अंतिम सामना चालू होता. तेव्हापासून दोघांचा अबोला. इंटरनेटचं बिलसुद्धा पानवाल्याच्या हातून जायचं. कासमभाई चौकशीला पार मूर्तिजापूरपर्यंत गेले, पण चार दुकानं सोडून बसलेल्या एकुलत्या एका दुश्मनाला विचारायचं त्यांनी टाळलं होतं.

ते अकोल्याला परतले, तेव्हा मी त्यांना त्यांचाच नियम ऐकवला. ते भडकले. "वकीलसाहेब, दुकान सलीमले देऊन टाकीन, पण त्या पोट्ट्याच्या पायरीवर चढणार नाई." सलीम शुक्रवारी कागद करायला येणार होता. गुरुवारी दुपारी त्यांनी हे सगळं भाभींना फोनवर सांगितलं. मी समोर बसलो होतो आणि फोनचा आवाज मोठा होता.  पलीकडून भाभी एकेक शब्द उचलत बोलल्या, "नाक... तिथंच ठेवा. तुमी... या."

झटक्यानंतरचं ते त्यांचं पहिलं पुरं वाक्य होतं. कासमभाईंनी फोन ठेवला, टोपी घातली आणि विलासकडे निघाले.

विलासने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि मग मजा पाहत राहिला. शेवटी कासमभाई म्हणाले, "मी तुझी तार कापली होती."

"कोणती, चाचा? तुमी तं दोन कापल्या होत्या."

पत्ता मिळाला. विलासची अट एकच होती: नवी तार पाटीवरूनच जाईल. ती गेली. 'कासम' या अक्षरांवर आडवी रेघ पडली आणि अमरावतीत बसून कासमभाई अकोल्याचे भाव ठरवू लागले. मी एकदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा भाभी पलंगावरून नवऱ्याच्या लॅपटॉपकडे बघून पीव्हीसी पाइपच्या भावावर वाद घालत होत्या, सलग, स्वल्पविरामासाठीसुद्धा न थांबता. "इलाज जरा जास्तच झाला," कासमभाई माझ्या कानात म्हणाले. त्यांचा चेहरा इतका सुखी मी आधी पाहिला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात ते अमरावतीतच झोपेत गेले. दुकान काही दिवस बंद होतं. उघडलं त्या सकाळी सुधाकर धावत जिना चढून आला. तो नुसता खाली बोट दाखवत होता. मी खाली गेलो. कॉम्प्युटरसमोर कोणी नव्हतं, आणि पडद्यावरचा बाण आपल्या आपण हलत होता. हळूहळू, थरथरत, डाव्या हाताने चालवल्यासारखा तो भावांच्या रकान्यात शिरला, आणि एकेक आकडा उमटू लागला. 

तेवढ्यात फोन वाजला. रजियाभाभी होत्या.

"पडद्याकडं काय पाहून राहिले, सुधाकर? बाहेर गिऱ्हाईक उभं असंल."