मिरजेहून आणलेली फ्लॉपी

नव्वदच्या दशकात कोरेगावच्या ज्या शाळेत मी गणित शिकवत होते, तिथे मुंबईच्या एका माजी विद्यार्थ्याने त्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. हेडसरांनी तो प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत ठेवला, वर टेबलक्लॉथ घातला आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम केला. पुढे वर्षभर त्याला कुणी हात लावला नाही. धूळ मात्र रोज पुसली जायची.

मग एका सोमवारी हेडसर म्हणाले, "बाई, शनिवारी संस्थेची कमिटी येतेय. पोरांना शिकवायला याचा काय उपयोग, ते तुम्ही दाखवा. नाहीतर यंत्र ऑफिसात हलवतो. निदान पगारबिलं तरी निघतील."

मला रागच आला. ऑफिसात गेलेली वस्तू वर्गात परत आलेली मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. पृथ्वीचा गोल असाच गेला होता आणि कपाटावर बसून होता. पण दाखवायचं काय? कॉम्प्युटर चालू-बंद करण्यापलीकडे माझी मजल नव्हती. साताऱ्याच्या एका शिबिरात मिरजेचे चौगुले सर भेटले होते. ते म्हणे एका कॉम्प्युटरवर अख्ख्या वर्गाला भूमिती शिकवत. एसटीडी बूथवरून त्यांना फोन लावला. "या की, त्यात काय!" एवढंच म्हणाले. दोन दिवसांची रजा टाकली आणि गुरुवारी निघाले.

कोरेगावहून मिरजेला जायचं तर माझं मत पॅसेंजर गाडीला. एसटीपेक्षा स्वस्त, आणि पाय पसरता येतात. वेळेचं मात्र बोलू नये. प्रत्येक स्टेशनावर ती अशी थांबते, की जणू माहेरपणाला आली आहे. रहिमतपूर गेलं, की खिडकीबाहेर ऊसच ऊस. कऱ्हाडला वडापाव घ्यावा, पण चहा तिथे पिऊ नये, सांगलीपर्यंत कळ काढावी. घरच्यांसाठी भडंग परतीच्या वाटेवर घ्यायचं. जाताना घेतलं तर मिरजेपर्यंत उरत नाही. मी साताऱ्याचे कंदी पेढे बरोबर घेतले होते. रिकाम्या हाताने शिकायला जाणं बरं दिसत नाही.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला "कुठल्या डॉक्टरकडं?" असंच विचारतो. शाळा म्हटल्यावर हिरमुसला. शाळेकडे जाताना सतारी बनवणाऱ्यांची गल्ली लागली. दारोदारी मोठाले वाळलेले भोपळे टांगलेले आणि आतून लाकूड तासल्याचा आवाज. तुम्ही गेलात तर इथे थोडा वेळ काढाच. मला काढता आला नाही.

चौगुले सर सडपातळ, पांढऱ्या बुशशर्टातले. त्यांच्या वर्गात पाऊल टाकलं तर कॉम्प्युटर कोपऱ्यात बंद! पोरं फरशीवर खडूने आकृत्या काढत होती. एक मुलगी चार पावलं सरळ जाई, वळे, पुन्हा चार पावलं जाई, आणि बाकीची ओरडून वळण सांगत.

"मशीन कधी लावणार?" मी विचारलं.

"आधी पोरं चालून बघतात. मग पैज लावतात. मग मशीन," सर म्हणाले. "मशीन पंच हाय आमचा. पंचानं खेळायचं नसतंय."

शेवटी त्यांनी कॉम्प्युटर लावला. पोरांनी बाजूंची संख्या सांगायची, पडद्यावर तेवढ्या बाजूंची आकृती उमटायची. तीन, चार, सहा. मग कुणीतरी म्हणालं छत्तीस, आणि पडद्यावर आलेलं बघून वर्गात एकच गलका झाला. "सर, ह्यो तर गोल झाला!" "गोल न्हाई, बारीक कोपरं हाईत!" भांडण घंटेपर्यंत मिटलं नाही. माझ्या अंगावर काटा आला. वर्तुळ मी वर्षानुवर्षं शिकवत होते, पण त्यावरून माझा वर्ग कधी भांडला नव्हता.

मुक्काम सरांच्याच घरी. घर जैनांचं, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. वहिनींनी ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. "आवं बाई, लाजू नका. सूर्य गेल्यावर मागितलं तर मिळायचं न्हाई," म्हणत त्यांनी तिसरी भाकरी टाकली.

मला वाटलं होतं, सर त्या आकृत्यांच्या प्रोग्रामची फ्लॉपी देतील आणि मी मोकळी होईन. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला मशीनसमोर बसवलं. बेसिक म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची सोपी भाषा. ती आमच्या मशीनमध्येही होती. त्यात तो प्रोग्राम जेमतेम दहा-बारा ओळींचा. सरांनी तो मला टाइप करायला लावला. जमला. त्यांनी पुसून टाकला. "पुन्ना." पुन्हा जमला, पुन्हा पुसला. मी वैतागले. "सर, फ्लॉपी देताय ना? मग हे कशाला?"

"फ्लॉपी दुसऱ्याची असती. हे तुमचं," ते शांतपणे म्हणाले आणि परत पुसलं.

निघताना मात्र फ्लॉपी दिली. त्या काळची मोठी, काळी, पापडासारखी पातळ. कडेला एक लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी तबकडी दिसायची. "हितं बोटबी लावायचं न्हाई," सरांनी बजावलं. ती कागदी पाकिटात घातली, वर पुठ्ठे लावले आणि मोठ्या खाकी लिफाफ्यात सरकवली.

येताना तासगाव-विटामार्गे एसटी धरली. रस्ता खडबडीत, पण द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड बघत वेळ बरा जातो. तासगावला बेदाणा घ्या, फक्त आधी खाऊन बघा. गाडी खच्चून भरलेली. लिफाफा छातीशी धरून उभी असलेल्या मला बघून एक फेटेवाले बाबा उठले.

"बसा बाई. मिरजंस्नं आलासा न्हवं? कुनाचा फोटू हाय?"

मिरजेहून खाकी लिफाफा येतो तो एक्स-रेचाच. "फोटू नाही, फ्लॉपी आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "आसंल, आसंल. नवं नवं आजार निगत्यात. बरं हुईल, काळजी करू नगा."

मी काही खुलासा केला नाही. खिडकीची जागा मिळाली होती.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, वाट बघत होत्या. मी लिफाफा कपाटावर ठेवत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "येवढं जपून काय आणलंस गं?"

"फ्लॉपी म्हणतात तिला. उद्या सगळं हिच्यावर आहे, आत्याबाई," मी म्हणाले आणि जेवून आडवी झाले.

शनिवारी कॉम्प्युटरच्या खोलीत आठवीची पोरं खाली बसलेली. खुर्च्यांवर कमिटी, मधोमध अध्यक्ष आण्णा, जुने बागायतदार. मी मिरजेची रीत उचलली. पोरं फरशीवर चालली, वळली, पैजा लागल्या. मग फ्लॉपी घातली. करकर आवाज आला. पडद्यावर चूक. पुन्हा घातली, पुन्हा चूक. बाहेर काढून बघते तर नेमक्या त्या खिडकीत, तबकडीवर, हळद आणि ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट. शेजारी अक्षतांचा एक दाणा चिकटलेला.

घरात आलेली महत्त्वाची वस्तू देवापुढे ठेवायची आणि मग वापरायची, ही आमच्याकडची रीत. आत्याबाईंनी ती मनोभावे पाळली होती, आणि फ्लॉपी पाकिटात परत नीट घालून ठेवली होती.

हेडसर पुटपुटले, "झालं म्हणायचं." मी रडायच्या बेतात होते. कॉम्प्युटर ऑफिसात जाताना दिसायला लागला. आणि मग हातांना आठवलं. मी बसले आणि पहिली ओळ टाइप केली. प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत गेले. पोरंही माझ्यामागे म्हणायला लागली. चालवला, तर चूक!

मागून एक मुलगी ओरडली, "बाई, कंस उघडलाय, मिटवला न्हाई!"

मिटवला. त्रिकोण उमटला. मग चौकोन, षटकोन. पोरं खाली बसायला तयार नव्हती. आण्णा खुर्चीतून पुढे झुकले. "चाळीस करा बरं." चाळीस केले. ते पोरांकडे वळून म्हणाले, "गोल हाय का रं ह्यो?" वर्ग दुभंगला. निम्मे व्हय, निम्मे न्हाई. आण्णा स्वतः "न्हाई"वाल्यांत गेले आणि हातवारे करून भांडायला लागले.

उठताना त्यांनी हेडसरांना सांगितलं, "मशीन हितंच राहू द्या. पगाराची बिलं लिवा की हातानं."

त्या मशीनवर पुढे किती वर्गांनी तेच भांडण केलं. आता ते भंगारात गेलं, चौगुले सर निवृत्त झाले, पॅसेंजरही पूर्वीसारखी थांबत नाही. फ्लॉपी माझ्या कपाटात आहे. ती चालली असती तर कमिटीने एक चित्र बघितलं असतं आणि चहा पिऊन गेली असती.

त्या दुपारी घरी आले तेव्हा आत्याबाई दारातच उभ्या होत्या.

"चाललं का गं तुजं ते?"

"चाललं, आत्याबाई. मशीन पोरांकडेच राहिलं."

"मग!" त्यांचा चेहरा फुलला. "म्या कुकू लावलं हुतं त्येला."

मी वाकून पाया पडले. आणि मग पदरात तोंड लपवून पोट दुखेपर्यंत हसले.