जाकिटाला फुंकर

लेकीकडे कॅनडाला निघालो होतो आणि बर्फात घालायचं जाकीट मी पोट कमी दिसतं म्हणून पसंत केलं. संगमनेरच्या एका कपड्यांच्या दुकानात शेजारी एक दूधवाला उभा होता. रोज पहाटे मोटारसायकलला कॅन बांधून डेअरी गाठणारा, त्यामुळे गार वाऱ्याशी त्याची जुनी ओळख. त्याने न विचारता माझ्या जाकिटाचं कापड तोंडाशी धरलं, आतून तळहात लावला आणि चुलीला घालतात तशी फुंकर घातली.

"वारं आरपार जातंय," तो म्हणाला. "आन् आत स्वेटर कुठं घालनार?"

मी स्वेटरवर जाकीट चढवून चेन ओढली. ती बेंबीपाशी अडली.

मग त्याने ढिगातून एक मातकट, ढगळ जाकीट उपसलं. फुंकर घातली, शिवणी ताणल्या आणि मला उकिडवं बसवून पाठ उघडी पडते का तेही पाहिलं. जाकीट सगळ्यात पास झालं. आरशात मात्र मी तुरीचं पोतं दिसत होतो.

"बरा दिसतोय का हो मी?"

"थंडीला डोळे नसत्यात, काका," तो म्हणाला. "आन् तुमाला बघायला तिकडं कोन टपून बसलंय?"