डावीकडचं इंग्रजी

मला इंग्रजी फार येतं म्हणून माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. मी शाळेत इंग्रजीत नापास झाले होते, ही गोष्ट वेगळी.

आमचा संग्रामपूरला भाजीपाल्याचा मळा. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पोरीच्या शिक्षणाची भारी हौस. वांगी घेऊन खामगावच्या बाजाराला गेले, की येताना रद्दीवाल्याकडून एखादं पुस्तक आणायचेच. एकदा त्यांनी कव्हर फाटलेलं एक जाडजूड पुस्तक आणलं. आत पानापानावर शब्दांच्या दोन रांगा आणि दोन्हीकडे ए-बी-सी-डी!

"आबा, याच्यात दोन्हीकडे इंग्रजीच काऊन हाय?"

आबांनी पुस्तक उलटंपालटं केलं. आमच्या मराठीच्या पुस्तकात धड्याखाली शब्दार्थ असायचे. डावीकडे अवघड शब्द, उजवीकडे त्याचा सोपा अर्थ. आबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अवं, सोपं हाय! डाव्या बाजूले पुण्याचं इंग्रजी, अन् उजव्या बाजूले आपलं वऱ्हाडी इंग्रजी!"

मला ते तंतोतंत पटलं. उजवीकडे वॉटर, हाऊस, पोटॅटो असले शब्द होते, ते तर आमच्या शाळेच्या चपराशालाही यायचे. "ते काय शिकाचं? तू डावीकडचं पाठ कर," आबा म्हणाले. मग काय, मी मेथी निवडता निवडता घोकायला बसले. छापलेलं एकही अक्षर वाया घालवायचं नाही, हा माझा नियम. घराला 'मायसन'. पाण्याला 'इआऊ' (हे दोनदा म्हटलं की खरंच पाणी प्यावंसं वाटायचं). आणि बटाट्याला 'पोम्मे डे टेर्रे'! मुठीएवढ्या बटाट्याला एवढं लांब नाव! पण मोठ्या लोकांचं इंग्रजी, आपण काय बोलणार?

तेवढ्यात जळगाव जामोदचं स्थळ आलं. मुलगा पोस्टात कारकून. सोबत त्याची आई आणि खास पुण्याहून आलेले मामा. मी दाराच्या फटीतून पाहत होते. मामांनी येता येता आमची मेथीची जुडी चपलेखाली तुडवली. मागून मुलगा आला, त्यानं ती उचलली, झटकली आणि अलगद टोपलीत ठेवली. भाजीवाल्याच्या पोरीला आणखी काय हवं? मला तो त्याच क्षणी आवडला. अगदी मनापासून आवडला.

पोहे झाले, चहा झाला. मामांनी विचारलं, "मुलीला इंग्रजी येतं का?"

आबा याच प्रश्नाची वाट पाहत होते. "इचारा न! काही बी इचारा!"

"बटाट्याला काय म्हणतात?"

"पोम्मे डे टेर्रे," मी मान खाली घालून म्हणाले.

मामांचा कप हवेतच थांबला. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं. मग गंभीरपणे मान डोलावली.

"बरोबर. घराला?"

"मायसन."

"अं... विमानाला?"

"अव्हिऑन!"

"वा! उच्चार अगदी लंडनचा आहे हो!" मामा म्हणाले. (पुण्याचा माणूस! 'मला समजलं नाही' असं म्हणेल तर शपथ!)

आबा फुलून गेले. पण मुलाच्या आईचा चेहरा उतरत चालला होता, तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी निरोप आला. "पोरगी लाखात एक हाय. पण आमचा पोरगा नुसता मॅट्रिक. सून घरात असं इंग्रजी झाडाले लागली, त मी तिले भाकर कोण्या भाषेत मांगू?"

झालं! घरात सुतक पडल्यासारखं झालं. मी मळ्यात जाऊन वांग्याच्या झाडांमध्ये बसून पोटभर रडले. आबांना ते बघवेना. त्यांनी माझं प्रगतिपुस्तक बगलेत मारलं आणि थेट जळगाव जामोद गाठलं.

"पाहा, बाई पाहा! माही पोरगी इंग्रजीत नापास हाय! साफ नापास! लाल शाई पाहा!" पोरीच्या नापास होण्याची अशी जाहिरात कोणत्याच बापानं केली नसेल.

मुलाच्या आईचे डोळे भरून आले. "किती नम्र मानसं हो! पोरगी एवढी शिकली, पन काडीचा गर्व नाही! नको दादा, आमची पायरी नाही तेवढी."

आबा घरी आले ते थेट मळ्यातल्या पंपाकडे गेले. मी उरलेलं रडून घेतलं.

आणि एक दिवस दुपारच्या एस्टीनं मुलगा एकटाच आमच्या दारात उभा! मुलानं असं एकट्यानं यायची तेव्हा रीतच नव्हती. माझ्या आईनं घाईघाईनं डोक्यावरून पदर घेतला, आबा पाणी द्यायचंही विसरले.

"माफ करा," तो घाम पुसत म्हणाला. "विमानानं येनाऱ्या विलायतेच्या पत्रावर निळी चिठ्ठी लावेल असते. काल तिच्यावर तुमच्या पोरीचं ते अव्हिऑन दिसलं! पोस्टमास्तरले इचारलं. ते म्हणे, हे फ्रेंच हाय."

"फ्रेंच?" आबा म्हणाले. "म्हंजे इंग्रजीच्या वरचं?"

"वरचं नाही हो, बाजूचं! दुसऱ्या देशाची भाषा हाय."

"म्हंजे... आमच्या पोरीले इंग्रजी येतच नाही?"

"काहीच येत नाही!" असं म्हणताना त्याचा चेहरा इतका उजळला, की मला लाजावं की रुसावं कळेना.

"अवं, ऐकलं का? पोरीले काही येत नाही! साखर आन लवकर!" आबा स्वयंपाकघराकडे बघून ओरडले.

असं आमचं लग्न झालं. यांनी घरी जाऊन आईला एवढंच सांगितलं, "मी पाहून आलो, तिले इंग्रजी येत नाही." बाकी माझी फजिती कोणालाच सांगितली नाही, मामांना तर नाहीच. मामा शेवटपर्यंत चारचौघांत माझी ओळख 'लंडन उच्चाराची सून' अशीच करून देत, आणि हे शेजारी बसून सुपारी कातरत. असा माणूस मिळाला, म्हणून मी त्या फाटक्या पुस्तकाची आणि पोस्ट खात्याची आजही ऋणी आहे.

लग्नानंतर आम्ही देवदर्शनाला लोणारला गेलो. सरोवराच्या काठी एक गोरं जोडपं दगड गोळा करत होतं. पुजारी म्हणाला, फ्रान्सहून आलेत. यांची छाती फुगली. "जाय न, बोल! तुह्या भाषेचे लोकं आले!"

मी पदर सावरला, यांच्याकडे बोट दाखवलं आणि नवऱ्यासाठी डावीकडे जे छापलं होतं ते, एकही अक्षर न गाळता, खणखणीत आवाजात म्हटलं, "मॉन मारी!"

साहेबांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. बायकोकडे पाहिलं. मग दोन्ही हात जोडले आणि सावकाश, मलासुद्धा समजेल अशा इंग्रजीत म्हणाले,

"सॉरी. आय डू नॉट नो मराठी."